दोन जावा आणि धुक्यातला ताजमहाल

मी सहलीची बस चालवायचो आणि देशातली बहुतेक नावाजलेली ठिकाणं मी झोपेत पाहिली. ही गंमत म्हणून सांगत नाही, आमच्या धंद्याची रीतच तशी होती. मुक्कामाहून मुक्कामाला जायचं ते बरंचसं रात्री, म्हणजे प्रवाशांचा दिवस वाया जात नाही. सकाळी ते खाली उतरून किल्ला बघायला गेले की ड्रायव्हरनं मागच्या लांब सीटवर आडवं व्हायचं. त्यानं तेव्हा झोप काढली नाही तर पुढच्या रात्री सगळ्यांनाच थेट वरचं दर्शन व्हायचं.

अशी झोप गाढ नसते. डोळे मिटलेले असतात आणि कान उघडे. बाहेर फोटोवाले ओरडताहेत, उंटाच्या गळ्यातली घंटा जवळ येऊन लांब जाते आहे, कुणीतरी गाडीच्या पत्र्याला पाठ टेकवून संत्रं सोलतंय आणि त्याचा वास आत येतोय. मग माणसं परत येतात आणि सीटवर टेकता टेकता काहीतरी बोलतात. त्या पहिल्या बोलण्यावरून मी ती जागा मनात उभी करायचो. कुतुबमिनार पाहून आलेले मान चोळत यायचे. हवामहल पाहून आलेल्या बायका हळू आवाजात बोलायच्या, का कोण जाणे. आता वय झाल्यावर ही सगळी ठिकाणं माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. हवामहलाच्या खिडक्यांमागून यमुना वाहताना दिसते. ग्वाल्हेरच्या भिंतीवरची निळी बदकं लाल किल्ल्यावर येऊन बसलेली असतात. मी ती हाकलत नाही.

मी खोपोलीचा, शिळफाट्यावरचा. आधी ट्रकवर होतो, कारखान्यांचा माल बोरघाट चढवून वर न्यायचो. तिथून मला सहलीच्या बसवर आणलं ते गायकवाड गुरुजींनी. गुरुजी कर्जतला भिसेगावात राहायचे, शाळेत शिकवायचे. त्यांचे वडील छप्पन साली दीक्षेसाठी नागपूरला जाऊन आले होते. आयुष्यातला तेवढाच एक लांबचा प्रवास, पण त्या गाडीत शेजारी कोण बसलं होतं, पहाट कुठल्या स्टेशनावर झाली, हे ते मरेपर्यंत सांगत राहिले. गुरुजी म्हणायचे, "इस्माईलभाई, माणसाला एकदा तरी लांब नेऊन आणलं पाहिजे. पुढं पुरतं त्याला."

म्हणून नाताळच्या सुट्टीला वर थोडी रजा जोडून ते दरवर्षी उत्तरेची सहल काढायचे. खोपोलीच्या एका मालकाची बस भाड्यानं घ्यायची. टपावर पातेली, स्टोव्ह, तांदळाची पोती आणि वळकट्या. स्वयंपाकाला भिसेगावचाच बाळूमामा. राहायला धर्मशाळा. प्रवासी सगळे आपल्याच भागातले: रसायनीच्या कारखान्यातले फिटर, कर्जतचे दुकानदार, मळणी आटोपून मोकळे झालेले खालापूरकडचे शेतकरी. एक निवृत्त गृहस्थ काहीही दाखवलं की विचारायचे, "आपल्या राजमाचीपेक्षा उंच आहे का?" ग्वाल्हेरच्या किल्ल्यालासुद्धा त्यांनी पास केलं नव्हतं.

बस पंक्चर झाली, दूध नासलं, कुणाला जुलाब झाले, याची आम्हाला धास्ती नसायची. धास्ती एकच, माणूस हरवण्याची. गुरुजी प्रत्येक ठिकाणी गाडीत चढून डोकी मोजायचे आणि मोजताना त्यांचे ओठ हलायचे, नमाज पढणाऱ्यासारखे. गळ्यात शाळेची शिट्टी असायची.

सत्तरच्या दशकातलं ते एक वर्ष. खालापूर फाट्यावर पहाटे दोन बायका चढल्या. दोघी एकाच गावच्या, आडनाव एकच. गुरुजींनी आपलेपणानं त्यांना शेजारी शेजारी बसवलं, बरोबर माझ्या मागं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींचे चेहरे उतरले. थोरली होती सोनाबाई, उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज शेताच्या पलीकडे जाईल असा. धाकटी पार्वतीबाई, बारीक चणीची, खिडकीपाशी अंग चोरून बसलेली. दोघींच्या मध्ये सोनाबाईनं आपलं गाठोडं ठेवलं.

कसाऱ्याला चहाला थांबलो तेव्हा बाळूमामा माझ्याजवळ आला. त्या गावात लग्नाचं जेवण करायला तो जायचा.

"गुरुजींनी काय केलंय ठाऊक हाय का?" तो म्हणाला. "सख्ख्या जावा हायत त्या. भिंतीला भिंत लागून घरं, आन कैक वर्सं बोलनं नाय. एकीला म्हायती नव्हतं दुसरीनं नाव दिलंय म्हनून."

"कशावरून बिनसलं?"

"हळदीवरनं कायतरी. बायकांचं काय सांगतात का आपल्याला."

गुरुजींना सांगून जागा बदलता आली असती. पण गाडी भरलेली होती आणि त्या दोघींपैकी कुणी तक्रार केली नाही. मग सगळा व्यवहार माझ्यामार्फत सुरू झाला.

"इस्माईलभाऊ, खिडकी लावा म्हनावं," सोनाबाई म्हणायची.

"कुणाला सांगू?"

"ज्याला वारा लागत नाय त्याला."

मी काही बोलायच्या आत पार्वतीबाई खिडकी लावून घ्यायची. थोड्या वेळानं उघडायची, बोटभरच. तिला बाहेर बघायला लागायचं. बाकीचे प्रवासी ठिकाण आलं की बघायचे, ही सगळा वेळ बघत असायची. चंबळचं खोरं लागलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मातीच्या घळी, घळीत घळ, कुठं झाड नाही की माणूस नाही. आरशात सगळ्यांच्या माना कलंडलेल्या. हिचे डोळे तेवढे उघडे. स्वतःशीच म्हणाली, "एवढी माती कुनी कापली असंल?" सोनाबाई जागी होती. तिनंही मान वळवून बाहेर पाहिलं.

आग्र्याला पोचलो तेव्हा थंडी हाडात शिरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ताजमहाल आणि लगेच दिल्ली, असा गुरुजींचा बेत. दिल्लीची धर्मशाळा संध्याकाळपर्यंतच जागा धरून ठेवणार होती. सकाळी बाहेर आलो तर धुकं. आपल्याकडे पावसाळ्यात घाटात ढग उतरतात तसं हलणारं नव्हे. जागच्या जागी थिजलेलं. गुरुजी शिट्टी वाजवत पुढं चालले, त्यांच्या पावलांच्या वेगानं मी गाडी ताजच्या दरवाजापाशी नेली आणि सगळ्यांना उतरवलं.

मागच्या सीटवर आडवा झालो, पण डोळा लागेना. बाहेरचे आवाज कापसात गुंडाळल्यासारखे येत होते. टांग्याच्या घोड्याच्या टापा ऐकू यायच्या आणि घोडा दिसायचाच नाही. ताज मी पाहिलेला होता, पहिल्या वर्षी. आत जाऊन कबरीपाशी फातिहा वाचून आलो होतो. पण त्या सकाळी पडल्या पडल्या मला तो काही केल्या आठवेना. डोळ्यांपुढे नुसतं पांढरं यायचं.

माणसं परत आली ती हिरमुसून. "दुधात बुडवून आणलं आम्हाला," राजमाचीवाले गृहस्थ म्हणाले. "हात लावून आलो, दगड गार आहे एवढं कळलं." फिटर मंडळी हसत होती. गुरुजी चढले, ओठ हलवत मागंपर्यंत गेले, परत पुढं आले, पुन्हा मागं गेले.

"एक कमी आहे."

सोनाबाई समोर बघत म्हणाली, "हितं बसनारी नाय आली."

गुरुजी दोघातिघांना घेऊन आत गेले. त्यांची शिट्टी ऐकू येत राहिली, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. बराच वेळ गेला. परत आले तेव्हा त्यांच्या मिशांवर दव साठलं होतं आणि चेहरा पांढराफटक. मागं नदी आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं.

गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाई, तुम्ही गाडी घेऊन निघा. दिल्लीची जागा गेली तर एवढी माणसं रस्त्यावर येतील. मी थांबतो. पोलीस चौकीत सांगतो. सापडल्या की मिळेल त्या गाडीनं घेऊन येतो."

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. मी सीटवर बसलो आणि इंजिन चालू केलं.

तेव्हा सोनाबाई उठली. गाठोडं काखेत मारून खाली उतरली.

"मी पन ऱ्हाते."

"सोनाबाई, मी आहे ना," गुरुजी म्हणाले. "तुम्ही बसा गाडीत."

"तुमी तिला वळखत नाय, गुरुजी. लगीन होऊन आली तवा परकरातली पोर होती. माज्या हाताखाली वाढली ती. कुटं बसली असंल ते मला ठाव." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "इस्माईलभाऊ, तुमाला हिंदी येतंय. चला माज्यासंगं."

मी इंजिन बंद केलं. गुरुजी गाडीपाशी थांबले.

दरवाजाच्या आत गेलो आणि आमच्या मागचा दरवाजाही नाहीसा झाला. पाण्याच्या हौदाची कड धरून चालत होतो. सुरूची झाडं एकेक करून समोर यायची, ओली, गप्प, आणि मागं जायची. आपण चालतोय की जागच्या जागी पाय हलवतोय तेच कळत नव्हतं. चबुतऱ्यापाशी चपला काढल्या. संगमरवर बर्फासारखा आणि दवानं निसरडा. मी हाका मारायला लागलो, "पार्वतीबाई, ओ पार्वतीबाई." आवाज तोंडासमोरच विरून जायचा.

सोनाबाई चालत होती, पण तोंड मिटलेलं.

"तुम्ही मारा की हाक," मी म्हटलं. "तुमचा आवाज मोठा."

"मी?"

ती थांबली. धुक्यात मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण डोक्यावरचा पदर ती पुन्हा पुन्हा सारखा करत होती. मग तिनं हाक मारली. पहिल्यांदा इतकी बारीक की माझ्यापुरतीच. "पारू." परत एकदा. आणि मग तो शेताच्या पलीकडे जाणारा आवाज निघाला.

"पारू, अगं पारू गं."

नदीच्या अंगाकडून उत्तर आलं. "हिकडं हाय मी."

इमारतीच्या मागच्या बाजूला, कठड्याला टेकून ती बसली होती. लुगडं भिजलेलं, दातावर दात वाजताहेत, आणि एक घोटा टम्म सुजलेला. सगळे पुढून परत फिरले तेव्हा हिला नदी बघायची होती. वळताना पाय सरकला.

"गुरुजी एवढा वेळ शिट्टी मारत होते," मी म्हटलं. "ऐकली नाही का?"

"ऐकली. वरडले बी. पन आवाज धुक्यातच इरला. आन शिट्टीला ओ कशी द्याची, भाऊ?"

सोनाबाई तिच्यासमोर फतकल मारून बसली आणि तिनं तो सुजलेला पाय उचलून सरळ मांडीवर घेतला. पार्वतीबाईनं पाय मागं ओढला.

"थोरली हायस तू. पाय नको धरू."

"गप ऱ्हा."

ती तळहातानं घोटा चोळायला लागली. मी जरा पलीकडे जाऊन नदीकडे तोंड करून उभा राहिलो. खाली पाण्यावर वल्ह्याचा आवाज येत होता, नाव दिसत नव्हती. मला निघून जाता आलं असतं. पण उचलायला माझी गरज लागणार होती, म्हणून थांबलो, आणि जे बोलणं झालं ते माझ्या कानावर पडलं.

"शिवाच्या हळदीला मी तुला मागं सारली," सोनाबाई म्हणाली.

"तो दिस नको काढू."

"काढते. तुज्या अंगाखांद्यावर वाढला तो. माजं दूध कमी पडलं तवा तू त्याला पेज भरवलीस. आन मीच बोलले, पारू, तू आत जा, तुजी सावली नको." पाय चोळणारा हात थांबला नव्हता. "तुजा धनी गेला व्हता, माजा जित्ता होता. मला काय कळत व्हतं? आता माघात बारक्याचं लगीन हाय. जनार्दनाचं. परवा माजी भैन मला बोलली, हळदीला तू जरा बाजूला ऱ्हा. माज्याच पोराची हळद, पारू. आन मी बाजूला."

मग पार्वतीबाई म्हणाली, "तुला आज कळलं म्हनून माजं गेलं, असं नाय होत."

"नाय होत."

"मनातनं नाय जायाचं ते."

"नको जाऊ दे. पन बोलत जा. घरात मनातलं बोलाया कोन नाय मला."

धुकं कधी उठायला लागलं ते मला कळलं नाही. नदीचं पाणी हळूहळू दिसायला लागलं, आधी राखाडी, मग थोडं पिवळसर, आणि त्यावर ती नाव, माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी लांब. मी मागं वळलो. डोक्यावर, आभाळात, घुमट एकटाच होता. खाली भिंत नाही, जमीन नाही, नुसता घुमट, मोत्याच्या रंगाचा, आणि त्याच्याभोवती पाखरं फिरत होती. हळूहळू कमानी खाली उतरल्या. मग मिनार आले, एकेक. जणू कुणीतरी वरून खाली बांधत आणत होतं.

"जाऊबाई, मागं बघ," पार्वतीबाई म्हणाली.

"बघते गं. आधी ह्ये बांधू दे."

सोनाबाईनं आपल्या लुगड्याच्या पदराची पट्टी फाडली, घोट्याला घट्ट गुंडाळली, गाठ मारली, ओढून बघितली. मगच तिनं मान वर केली. तिघंही तिथंच बसून राहिलो. गाडीत माणसं खोळंबली आहेत, दिल्ली लांब आहे, हे मला माहीत होतं. पण उठवेना.

मग आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून आणलं. अख्खी बस खाली उतरून दरवाजापाशी आली होती. गुरुजींनी पार्वतीबाईंच्या डोक्यावरचं दव पुसलं आणि ते म्हणाले, "सगळे पुन्हा आत जा. आता दिसतोय. बघून या." दिल्लीच्या जागेचं त्या क्षणी ते विसरले असावेत. धर्मशाळेची जागा गेलीच. ती रात्र आम्ही एका गुरुद्वाऱ्यात काढली, आणि कुणी कुरकुर केली नाही.

दिल्लीत पार्वतीबाईला पाय टेकवत नव्हता, म्हणून ती गाडीतच राहायची. पहिल्या दिवशी सोनाबाई लाल किल्ला बघायला म्हणून उतरली आणि दरवाजापासून परत आली. "लाल हाय," ती म्हणाली. "बाकी तुला सांगन्यासारखं काय नाय." त्यानंतर ती उतरलीच नाही. मग मी मागच्या सीटवर पडायचो आणि त्या दोघी पुढं बोलत बसायच्या. कुतुबमिनारच्या बाहेर, राजघाटाच्या बाहेर, सावलीतून उन्हात सरकत जाणाऱ्या त्या बसमध्ये, डुलकी आणि जाग यांच्यामधून त्यांचं बोलणं माझ्या कानावरून वाहत राहायचं. कुठली म्हैस कधी आटली. सासू कशी हसायची. विहिरीवरचं जांभळाचं झाड कुणी तोडलं. वर्षानुवर्षांचं साठलेलं. देशाची राजधानी बाहेर होती आणि आत खालापूरकडचं एक घर पुन्हा भरत होतं.

एकदा सोनाबाई म्हणाली, "जनार्दनाच्या हळदीला दोघी म्होरं उभ्या ऱ्हाऊ. कोन काय बोलतंय ते बघू."

"बघू," पार्वतीबाई म्हणाली.

माघातल्या त्या लग्नाला मला आग्रहाचं बोलावणं होतं. दोघी पुढं उभ्या होत्या, दोघींनी हळद लावली. एक म्हातारा उठून मांडवाबाहेर गेला. जेवायला मात्र परत आला. सोनाबाईची बहीण त्यानंतर त्यांच्याकडे यायची बंद झाली, असं बाळूमामा सांगायचा. म्हणजे सगळंच काही गोड झालं नाही.

गुरुजी आता नाहीत. मोठ्या शहरातल्या कंपन्या आल्या, मऊ सीटच्या गाड्या आल्या आणि आमच्या सहली आपोआप बंद पडल्या. मला खंत एवढीच वाटते, की त्या गाडीत बसलेल्या किती माणसांचं काय काय माझ्या पाठीमागं घडून गेलं असेल, आणि मी पुढं रस्त्याकडे बघत होतो.

त्या सहलीच्या परतीच्या दिवशी खालापूर फाट्यावर पोचलो तेव्हा सकाळची उन्हं नुकती गवतावर आली होती. शिवा, सोनाबाईचा थोरला मुलगा, आईला न्यायला बैलगाडी घेऊन आला होता. आई उतरली, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून लंगडत काकी उतरली. तो जागच्या जागी उभा राहिला. लग्न झाल्यापासून तो या बाईशी बोलला नव्हता, भिंतीला भिंत असून.

"आधी काकीला बसव," सोनाबाई म्हणाली. "तिचा पाय दुखावलाय."

शिवा पुढं आला, वाकला आणि पार्वतीबाईला दोन्ही हातांवर उचलून गाडीत पेंढ्यावर ठेवलं. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काही वेळ तसाच वाकून राहिला, मान खाली घालून. मग आईचं गाठोडं ठेवलं, बैलांची दोरी धरली आणि मागं न बघता विचारलं, "कंच्या दारात उतरवू, आई?"

सोनाबाई रस्त्यातच उभी होती, गाडीच्या चाकावर हात ठेवून.

पार्वतीबाई सरकली आणि तिनं आपल्या शेजारी पेंढ्यावर जागा केली.

"माज्या दारात उतरव," ती म्हणाली. "चूल मी पेटवते. तुजी आई चा घेऊन जाईल."